आधी प्रदेश, मग भाषा, मग विद्यापीठ: आंतरराष्ट्रीय संबंधांत प्रदेशनिष्ठ एमए करणाऱ्यांसाठी

दिवाळीची सुट्टी संपली की टीवायची, म्हणजे पदवीच्या शेवटच्या वर्षाची, मुलं एसओपीचे (प्रवेश-अर्जासोबतच्या उद्देशपत्राचे) मसुदे घेऊन यायला लागतात. बहुतेकांची सुरुवात ‘आजचं जग झपाट्याने बदलत आहे’ अशी असते. कोणत्या प्रदेशाचा अभ्यास करायचाय ते पार शेवटच्या परिच्छेदात कळतं, तेही ‘आशिया आणि आफ्रिका’ एवढंच. मुलं हुशार असतात, वाचनही असतं, पण क्रम चुकतो. आधी विद्यापीठ ठरतं, मग फॉर्म भरला जातो, मग घाईघाईने प्रदेश. भाषा आठवते ती एमएच्या तिसऱ्या सत्रात, लघुप्रबंधाचा विषय द्यायची वेळ आल्यावर. तेव्हा नवी लिपी शिकायला कुणाकडेच वेळ नसतो.

खालचे टप्पे दिलेल्या क्रमानेच घ्या. टीवायच्या जूनमध्ये सुरुवात केली तर सगळं सावकाश बसतं. पदवी आधीच झाली असेल तर एक पूर्ण वर्ष हाताशी धरा. उदाहरण म्हणून एकच धागा शेवटपर्यंत नेला आहे, माझ्या एका विद्यार्थिनीचा. ती लातूरची, घरी डाळींची आडत. पहिल्या भेटीत तिला ‘भारत-आफ्रिका संबंध’ करायचे होते.

## टप्पा १: कोणता एमए, हे नावावरून ठरवू नका

या एका छत्राखाली तीन वेगळे अभ्यास चालतात. आंतरराष्ट्रीय संबंधांचा सर्वसाधारण एमए सिद्धांत, संस्था, परराष्ट्र धोरण यांवर उभा असतो आणि प्रदेश त्यात उदाहरणापुरता येतो. संरक्षण व सामरिक शास्त्राचा भर सुरक्षेवर असतो. पुणे विद्यापीठात यासाठी स्वतंत्र विभाग आहे. प्रदेश-अभ्यासात एका भूभागाचं राजकारण, अर्थकारण, समाज आणि भाषा एकत्र शिकायची असते. तुम्हाला यांतलं काय हवंय ते अभ्यासक्रमाची पुस्तिका उघडून, पेपरांची नावं वाचून ठरवा.

सोबत एक गोष्ट स्वतःला स्पष्ट विचारा. यूपीएससीच्या तयारीसाठी म्हणून हा एमए करताय का? राज्यशास्त्र व आंतरराष्ट्रीय संबंध या वैकल्पिक विषयाला त्याची मदत होते, हे खरं. पण दोन वर्षांतली भाषा आणि लघुप्रबंध यांना जेवढा वेळ लागतो तेवढा पूर्वपरीक्षेच्या अभ्यासातून उरत नाही. दोन्हीला अर्धा अर्धा वेळ दिलेल्या मुलांची दोन्हीकडे ओढाताण झालेली मी पाहिली आहे. निर्णय तुमचा, पण तो फॉर्म भरायच्या आधी घ्या.

तपासा: पदवीपत्रावर विषयाचं नाव काय छापून येतं? ‘राज्यशास्त्र’, ‘आंतरराष्ट्रीय संबंध’ आणि ‘प्रदेश-अभ्यास’ ही नावं नोकरीच्या जाहिरातीत एकसारखी धरली जात नाहीत. पुढे महाराष्ट्रातल्या महाविद्यालयात राज्यशास्त्र शिकवायचं मनात असेल तर नेट आणि सेट या अध्यापन-पात्रता परीक्षांच्या विषययादीशी हे नाव आत्ताच ताडून बघा. नेटमध्ये राज्यशास्त्र वेगळं आहे आणि आंतरराष्ट्रीय व प्रदेश-अभ्यास वेगळा.

## टप्पा २: प्रदेश निवडा, पण आजच्या बातमीवरून नको

युद्ध पेटलं की त्या वर्षी अर्ध्या वर्गाला पश्चिम आशिया हवा असतो. सीमेवर काही घडलं की चीन. दोन वर्षांनी बातमी थंडावते आणि अभ्यासही थंडावतो.

प्रदेश निवडताना मी तीन गोष्टी बघायला सांगतो. पहिली, तुमची पोच. त्या प्रदेशाशी तुमच्या घराचा, गावाचा, धंद्याचा काही खरा संबंध आहे का? रत्नागिरीच्या ज्या घरातली माणसं कुवेत-सौदीत राहून आलीत, त्या घरातल्या मुलाला आखाती देशांतल्या कामगार करारांबद्दल जेवणाच्या ताटावर जे कळतं ते दिल्लीतल्या ग्रंथालयात मिळत नाही. लासलगावच्या मुलाला कांद्याची निर्यातबंदी आणि बांगलादेश यांचं नातं समजावून सांगावं लागत नाही. गोव्यात वाढलेल्याला पोर्तुगीज नावं, कागद, घरातल्या म्हाताऱ्यांची भाषा परकी नसते, आणि पोर्तुगीज आली की अंगोला, मोझांबिक, ब्राझील ही दारं उघडतात. असा संबंध नसेल तरी अडत नाही, पण असेल तर तो लपवू नका. मुलं नेमकं हेच लपवतात, कारण त्यांना ते ‘घरगुती’ वाटतं.

दुसरी गोष्ट भाषा. तिच्यावर पुढचा अख्खा टप्पा आहे.

तिसरी म्हणजे टिकाव. या प्रदेशाच्या निवडणुका, अर्थसंकल्प, पाऊसपाणी, मंत्रिमंडळातले फेरबदल पाच वर्षं रोज वाचायची तयारी आहे का? याची परीक्षा सोपी आहे. त्या प्रदेशातल्या एका देशाची स्थानिक वृत्तपत्रं, इंग्रजी किंवा यांत्रिक भाषांतरात चालतील, सलग तीस दिवस अर्धा तास वाचा. दहाव्या दिवशी कंटाळा आला तर प्रदेश बदला. हे फॉर्म भरायच्या आधी कळलेलं बरं.

लातूरच्या मुलीला ‘आफ्रिका’ का, असं विचारलं तेव्हा ती खंडाबद्दल बोलत राहिली. घरी आडतीवर कुठून माल येतो असं विचारल्यावर मात्र ती चटकन म्हणाली, ‘सर, मोझांबिकची तूर येते की. बाबा पोतं फोडून दाणा तळहातावर घेतात आणि सांगतात, ही आपली नाही.’ प्रदेश तिथेच ठरला.

सावध: ‘आफ्रिका’, ‘आशिया’, ‘युरोप’ हे अभ्यासाचे प्रदेश होत नाहीत. उपप्रदेश घ्या आणि त्यातला एक देश मुख्य धरा. दुसरा देश तुलनेसाठी चालेल. तिसरा घेतलात की लघुप्रबंध पातळ झालाच.

## टप्पा ३: भाषा आजपासून

भाषेशिवायचा प्रदेश-अभ्यास म्हणजे त्या देशाबद्दल दुसऱ्यांनी इंग्रजीत लिहिलेलं वाचणं. एमए तेवढ्यावर उरकता येतं, पुढे मात्र अडतं. म्हणून भाषा प्रवेशाच्या आधी सुरू करायची.

कोणत्या प्रदेशाला कोणती भाषा, हे वाटतं तेवढं सरळ नाही. मध्य आशियात रशियन घेतलीत तर पाचही देशांत उपयोगी पडते. ताजिकिस्तानची ताजिक फारसीच्या घराण्यातली आहे, म्हणून फारसी येणाऱ्याला तिथे आधार मिळतो. पश्चिम आशिया म्हटलं की सगळे अरबीकडे धावतात, पण विषय इराणचा असेल तर फारसी हवी आणि तुर्कस्तानचा असेल तर तुर्की. अरबीतही वृत्तपत्रांची प्रमाण भाषा वेगळी आणि रस्त्यावरची बोली वेगळी. संशोधनासाठी आधी प्रमाण भाषा घ्या. बांगलादेश घेणाऱ्या मराठी मुलाला बंगाली तुलनेने लवकर हाती लागते. मोझांबिकला पोर्तुगीज.

शिकायचं कुठे? पुण्यात रानडे इन्स्टिट्यूटमध्ये विद्यापीठाचा परकीय भाषा विभाग आहे. पुण्या-मुंबईत जर्मनसाठी मॅक्स म्युलर भवन, फ्रेंचसाठी आलियाँस फ्राँसेज. गोवा विद्यापीठात पोर्तुगीजचा विभाग आहे. जिल्ह्याच्या ठिकाणी राहत असाल तर ऑनलाइन वर्ग घ्या, पण शेवटी प्रमाणित परीक्षा असलेलाच घ्या. युरोपीय भाषांना ए-१ (अगदी प्राथमिक) ते सी-२ (सगळ्यात वरची) अशा पायऱ्या असतात, जपानीला जेएलपीटी आणि चिनीला एचएसके या परीक्षा. अर्जात ‘भाषा येते’ या वाक्याला किंमत नाही, प्रमाणपत्राला आहे.

किती यायला हवी? प्रवेशाच्या वेळी ए-२ पुरे. लघुप्रबंधाला हात घालताना शब्दकोश शेजारी ठेवून वृत्तपत्रातली बातमी वाचता आली पाहिजे, म्हणजे साधारण बी-१. बोलण्यापेक्षा वाचण्यावर जोर द्या. चिनी, जपानी, अरबी घेणाऱ्यांनी यापेक्षा बराच जास्त वेळ धरावा.

एक छोटी गोष्ट दाखवतो, म्हणजे भाषेने काय फरक पडतो ते कळेल. ती मुलगी सुरुवातीला तुरीचं इंग्रजी नाव टाकून शोधायची. समोर यायचे ते देणगीदार संस्थांचे अहवाल आणि भारतीय व्यापारी बातम्या. पोर्तुगीजच्या तिसऱ्या महिन्यात तिला कळलं की मोझांबिकमध्ये तुरीला ‘फेजांव बोएर’ म्हणतात. हे दोन शब्द टाकल्यावर वेगळाच ढीग समोर आला: राजधानी मापुतोच्या वृत्तपत्रातल्या बातम्या, प्रांतातल्या दरांबद्दलच्या तक्रारी, मंत्र्यांची उत्तरं. बी-१ पातळी यायला तिला अजून वर्ष होतं, पण कुठे खणायचं ते कळलं.

तपासा: तुमच्या विषयातल्या दहा मुख्य शब्दांची त्या भाषेतली रूपं वहीत लिहिली आहेत का? नसतील तर पुढच्या टप्प्यावर जाऊ नका.

## टप्पा ४: विषयाचा प्रश्न करा

सगळ्यात जास्त वेळ इथे द्या. मुलं सगळ्यात कमी वेळ इथेच देतात.

‘भारत-आफ्रिका संबंध’ हा विषय आहे, प्रश्न नाही. विषयावर माहिती गोळा करता येते, प्रश्नाला उत्तर द्यावं लागतं. विषय चाळणीतून काढत न्यायचा. लातूरच्या मुलीच्या वहीतले टप्पे असे होते.

पहिल्या आठवड्यात: भारत आणि आफ्रिका.

दुसऱ्या: भारत आणि मोझांबिक. इथे ती अडखळली, कारण मोझांबिकबद्दल शोधलं की आधी वायू समोर येतो. रोवुमा खोऱ्यातल्या एका वायू प्रकल्पात भारतीय सरकारी तेल कंपन्यांचा मिळून ३० टक्के वाटा आहे. तिथल्याच काबो देलगादो प्रांतात २०१७ पासून बंडखोरी आहे आणि २०२१ मध्ये पाल्मा शहरावरच्या हल्ल्यानंतर तिथलं काम थांबलं. विषय मोठा आहे, त्यावर जगभर लिहिलं जातंय. पण तिच्या हाताशी असलेलं काही त्यात नव्हतं. मी तिला तो सोडायला लावला.

तिसऱ्या: मोझांबिकची तूर आणि भारत. २०१६ मध्ये दोन्ही सरकारांत डाळींच्या आयातीचा करार झाला. एक लाख टनांपासून सुरू करून २०२०-२१ पर्यंत दोन लाख टनांवर जायचं ठरलं, आणि २०२१ मध्ये वर्षाला दोन लाख टन तुरीसाठी तो आणखी पाच वर्षांसाठी वाढवला गेला.

चौथ्या आठवड्यात तिने २०१७ हे एकच वर्ष धरलं. त्या वर्षी महाराष्ट्रात तुरीचं पीक अफाट आलं. खरेदी केंद्रांवर बारदाना संपला, शेतकरी ट्रॅक्टर घेऊन रांगेत झोपले, बाजारात भाव हमीभावाच्या खाली गेला. ऑगस्टमध्ये भारताने तूर आयातीवर दोन लाख टनांची मर्यादा घातली. सरकारी करारांना त्यातून सूट होती, तरीही मोझांबिकमधले भाव कोसळले. एका पिकाचे दोन्ही टोकांचे शेतकरी एकाच वर्षी बुडाले. मग तिने प्रश्न लिहिला: ‘करारात हमी असूनही २०१७ मध्ये मोझांबिकच्या उत्पादकाला ती का मिळाली नाही, आणि त्या हमीचा फायदा साखळीत कोणाकडे गेला?’

या प्रश्नात एक देश आहे, एक करार आहे, एक काळ आहे आणि ‘का’ आहे. उत्तर आधीपासून ठाऊक नाही. पुरावा कुठे मिळेल याचा अंदाज आहे. तुमचा प्रश्न या सहा कसोट्यांना लावून बघा.

नेहमीच्या चुका: प्रश्नाच्या जागी मत लिहिणं (‘चीनचा वाढता धोका’). उत्तर ‘हो’ किंवा ‘नाही’ इतकंच निघेल असा प्रश्न विचारणं. ‘भारताने काय करायला हवं’ असं धोरण सुचवण्यापासून सुरुवात करणं. आणि त्या देशाकडे फक्त भारताच्या नजरेने बघणं. ही शेवटची चूक मला सगळ्यात खटकते. मोझांबिकचा शेतकरी, व्यापारी, मंत्री यांचा स्वतःचा हिशेब असतो. तो लघुप्रबंधात दिसला नाही तर त्याला प्रदेश-अभ्यास म्हणता येत नाही.

## टप्पा ५: आता संस्था

प्रश्न हातात असला की संस्था निवडणं सोपं होतं. संकेतस्थळावर जाऊन प्राध्यापकांची यादी काढा, त्यांच्या गेल्या पाच वर्षांतल्या लेखांची नावं वाचा. तुमच्या उपप्रदेशावर काम करणारे किमान दोन जण हवेत. एकच असेल आणि ते निवृत्तीला आले असतील तर तुमचा मार्गदर्शक बदलणार हे धरून चाला.

जेएनयूच्या आंतरराष्ट्रीय अध्ययन संकुलात पश्चिम आशिया, आफ्रिका, पूर्व आशिया, रशिया व मध्य आशिया, युरोप, दक्षिण आशिया अशी प्रदेशवार केंद्रं आहेत, शिवाय त्याच परिसरात भाषांचं संकुल. हे एकत्र मिळणं ही तिथली खरी सोय. एमएमध्ये मात्र प्रदेशाचा भर बराचसा ऐच्छिक पेपरांतून येतो, म्हणून कोणते ऐच्छिक पेपर प्रत्यक्षात चालू आहेत ते तिथे शिकणाऱ्या एखाद्याला विचारा. पुस्तिकेत असलेला प्रत्येक पेपर दरवर्षी शिकवला जात नाही. दिल्लीतच सार्क देशांनी उभारलेलं साउथ एशियन युनिव्हर्सिटी आहे. दक्षिण आशिया करणाऱ्याला तिथे शेजारी देशांतले वर्गमित्र मिळतात आणि रात्रीच्या मेसमध्ये जे ऐकायला मिळतं ते कुठल्याच पेपरात नसतं. जामिया मिल्लियात आंतरराष्ट्रीय अध्ययनाची अकादमी आहे, कोलकात्यात जादवपूरचा आंतरराष्ट्रीय संबंध विभाग.

मुंबई विद्यापीठाच्या कलिना संकुलात आफ्रिका अभ्यास केंद्र आणि मध्य युरेशिया अभ्यास केंद्र आहे. महाराष्ट्रातल्या मुलांना हे बऱ्याचदा दिल्लीला जाऊन आल्यावर कळतं. घरची परिस्थिती दिल्लीचा खर्च पेलणारी नसेल तर आधी इथे चौकशी करा.

परदेशी जायचं असेल तर ब्रिटनमधला एमए बहुधा एका वर्षाचा असतो. त्यात नवी भाषा शून्यातून शिकायला वेळ मिळत नाही, म्हणून भाषा इथूनच घेऊन जा. लंडनचं सोआस, नेदरलँड्सचं लायडन ही प्रदेश-अभ्यासाची जुनी ठिकाणं. युरोपीय संघाच्या इरास्मस मुंडुस योजनेतल्या संयुक्त एमएत दोन-तीन देशांत शिकता येतं. शिष्यवृत्तीच्या अटी मात्र ओळ न ओळ वाचा. ब्रिटिश सरकारच्या चेवनिंग शिष्यवृत्तीला दोन वर्षांचा कामाचा अनुभव लागतो, पदवीनंतर लगेच अर्ज करून उपयोग नाही. केंद्राच्या नॅशनल ओव्हरसीज शिष्यवृत्तीत २०२२ पासून भारतीय संस्कृती, वारसा, इतिहास आणि भारताविषयीचे सामाजिक अभ्यास हे विषय बसत नाहीत. परदेशात जाऊन दक्षिण आशिया शिकायचं ठरवलेल्या मुलांना या अटीचा थेट फटका बसतो. असा विषय असेल तर दुसरी शिष्यवृत्ती शोधा.

## टप्पा ६: कागदपत्रं, आणि इथे महाराष्ट्रातली मुलं कुठे अडतात

केंद्रीय विद्यापीठात राज्याच्या नमुन्यातला जातीचा दाखला चालत नाही. केंद्र शासनाच्या नमुन्यातला ओबीसी दाखला वेगळा काढावा लागतो, आणि त्याआधी तुमची जात केंद्राच्या यादीत आहे का ते बघावं लागतं. व्हीजेएनटी, एसबीसी, एसईबीसी हे राज्याचे प्रवर्ग आहेत. व्हीजेएनटीतल्या अनेक जाती केंद्रात ओबीसी यादीत येतात, पण ते गृहीत धरू नका, यादीत नाव शोधा. नॉन-क्रीमीलेअर आणि ईडब्ल्यूएस दाखल्याची मुदत आर्थिक वर्षाला बांधलेली असते. जानेवारीत काढलेला दाखला जुलैच्या प्रवेशाला कामी येत नाही, असं प्रवेशाच्या टेबलासमोर उभं राहिल्यावर कळणं फार वाईट. एप्रिल उजाडला की सेतू केंद्रात जा.

बाकीचं थोडक्यात: तिन्ही वर्षांच्या गुणपत्रिका, स्थलांतर प्रमाणपत्र, निकाल लागला नसेल तर महाविद्यालयाचं पत्र. सगळ्या कागदांवर नाव एकाच स्पेलिंगचं हवं. दहावीच्या गुणपत्रिकेत आईचं नाव वेगळं आणि आधारवर वेगळं, असं असेल तर आत्ताच दुरुस्त करा. परदेशासाठी ट्रान्सक्रिप्ट (सगळ्या विषयांच्या गुणांचा अधिकृत उतारा) विद्यापीठातून मागवायला वेळ लागतो, पासपोर्टला लागतो त्याहून जास्त.

## टप्पा ७: प्रवेश परीक्षा

जेएनयूसह बहुतेक केंद्रीय विद्यापीठांचे एमएचे प्रवेश आता सीयूईटी-पीजी या सामायिक प्रवेश परीक्षेवर होतात. अलीकडे पेपर ७५ प्रश्नांचा आणि ९० मिनिटांचा असतो. बरोबर उत्तराला ४ गुण, चुकीला उणे १. माध्यम इंग्रजी किंवा हिंदी, मराठी नाही. त्या वर्षीची माहितीपुस्तिका उतरवून घ्या, कारण तपशील बदलतात.

दोन चुका दरवर्षी होतात. पहिली: अभ्यासक्रमाला कोणता पेपर लागतो ते न बघता ‘राज्यशास्त्र’ निवडणं. प्रत्येक विद्यापीठ आपापल्या एमएसाठी पेपर ठरवतं. जिथे जिथे अर्ज करणार त्यांची नावं आणि पेपर एका कागदावर समोरासमोर लिहा, मगच फॉर्म उघडा. दुसरी चूक जास्त महागात पडते. सीयूईटी दिली म्हणजे अर्ज झाला, असं मुलं समजतात. गुण लागल्यावर प्रत्येक विद्यापीठाच्या संकेतस्थळावर वेगळी नोंदणी करावी लागते. तिची खिडकी काही दिवसच उघडी असते, आणि ती नेमकी गावी नेटवर्क नसताना उघडते. उत्तम गुण असलेली एक मुलगी केवळ यापायी वर्षभर घरी बसली.

तयारीबद्दल एवढंच सांगतो: राज्यशास्त्राचे सिद्धांत, भारताचं परराष्ट्र धोरण, आंतरराष्ट्रीय संघटना आणि नकाशा. नकाशा मुलं सोडून देतात. रिकाम्या नकाशावर तुमच्या प्रदेशातले देश, राजधान्या, बंदरं, नद्या, सामुद्रधुन्या न बघता भरता आल्या पाहिजेत.

## टप्पा ८: एसओपी

परदेशी विद्यापीठाला आणि बऱ्याच खासगी संस्थांना लागते. लागत नसली तरी लिहा. टप्पा ४ नीट झाला असेल तर ती दोन दिवसांत होते.

जगाच्या परिस्थितीपासून सुरू करू नका. वाचणाऱ्या प्राध्यापकाला जगाची परिस्थिती ठाऊक आहे. तुम्ही काय पाहिलंत, त्यातून कोणता प्रश्न उभा राहिला, तो सोडवायला तुमच्याकडे आज काय आहे, काय नाही, आणि जे नाही ते याच विभागात का मिळेल, या क्रमाने जा. त्या मुलीच्या पत्राची सुरुवात मराठीत सांगायची तर अशी होती: ‘२०१७ च्या उन्हाळ्यात आमच्या आडतीवर तूर हमीभावाखाली विकली जात होती. त्याच वर्षी मोझांबिकमध्येही तुरीचे भाव कोसळले, भारताशी खरेदीचा करार असूनही. हे कसं झालं ते मला शोधायचं आहे.’ तीन वाक्यांत माणूस, प्रदेश आणि प्रश्न, तिन्ही आले.

सावध: विभागाचं नाव काढून दुसऱ्या विभागाचं घातलं तरी पत्र जसंच्या तसं चालत असेल, तर ते पत्र अजून झालेलं नाही. प्राध्यापकांचं नाव घालायचं असेल तर त्यांचा किमान एक लेख पूर्ण वाचून घाला. शिफारसपत्रासाठी सरांना शेवटच्या आठवड्यात गाठू नका. महिनाभर आधी जा आणि सोबत एसओपीचा मसुदा द्या.

## टप्पा ९: पहिल्या सत्रापासून लघुप्रबंधापर्यंत

मराठी माध्यमातून आलेल्या मुलांना पहिल्या सत्रात इंग्रजी वाचनाचा डोंगर दिसतो. आठवड्याला दोनशे पानं ओळीने वाचायला गेलात तर दमाल. लेखाचा गोषवारा, प्रस्तावना आणि शेवट आधी वाचा, मग तळटीपा, आणि उपयोगी वाटला तरच मधला भाग. प्रत्येक लेखासाठी वहीत तीन ओळी मराठीत लिहा: लेखक काय म्हणतो, कशाच्या आधारावर म्हणतो, मला कुठे पटत नाही. तिसरी ओळ सुचली नाही तर लेख समजलेला नाही.

पुराव्याची साधनं पहिल्याच सत्रात ओळखीची करून घ्या. परराष्ट्र मंत्रालयाचे वार्षिक अहवाल, संसदेतली प्रश्नोत्तरं, वाणिज्य मंत्रालयाची आयात-निर्यात आकडेवारी, संयुक्त राष्ट्रांचं कॉमट्रेड, म्हणजे देशोदेशींच्या व्यापाराची आकडेवारी. संसदेतली प्रश्नोत्तरं ही खाण आहे आणि मुलं तिथे फिरकतच नाहीत. जुन्या विषयांसाठी दिल्लीचं राष्ट्रीय अभिलेखागार, आणि पोर्तुगीज जगाशी संबंध असेल तर पणजीचं पुराभिलेखागार.

आकडे वापरताना तीन ठिकाणी पाय घसरतो. भारताची आकडेवारी एप्रिल ते मार्च अशी मिळते, कॉमट्रेडची बहुधा जानेवारी ते डिसेंबर. दोन्ही एका तक्त्यात शेजारी ठेवली की निष्कर्ष चुकतो. दुसरं, व्यापाराच्या नोंदींत प्रत्येक वस्तूला दिलेले आंतरराष्ट्रीय संकेतांक (एचएस कोड) मधूनमधून बदलतात. तुरीला ०७१३६० हा स्वतंत्र संकेतांक २०१२ च्या वर्गीकरणात आला, त्याआधीची तूर इतर डाळींत मिसळलेली आहे. ते न कळता आलेख काढला तर २०१२ मध्ये तुरीचा व्यापार शून्यातून उभा राहिल्यासारखा दिसतो. तिसरं, मोझांबिक सांगतं ती निर्यात आणि भारत सांगतो ती आयात जुळत नाही. घाबरू नका, कोणत्या दोन देशांचे आकडे जुळतात? फरक का पडतो ते एका परिच्छेदात लिहा. परीक्षक तो परिच्छेद आवर्जून वाचतात.

तपासा: दुसऱ्या सत्राच्या शेवटी तुमच्या प्रश्नावरचे वीस लेख, त्या प्रदेशाच्या भाषेतल्या किमान दहा बातम्या आणि आकड्यांचा एक तक्ता हाताशी आहे का? बातम्या नसतील तर सुट्टीत भाषेलाच बसा, नवे लेख गोळा करू नका.

मुलाखती घ्यायच्या असतील तर विभागाची परवानगी आधी घ्या, आणि बोलणाऱ्याला त्याचं नाव छापायचं की नाही ते विचारा. आडतीवरची माणसं मोकळेपणाने बोलतात, पण कुणाचा माल कुठून आला हे छापून आलं तर त्यांचा व्यवहार बिघडतो. परक्या भाषेतला उतारा वापरलात तर मूळ शब्द तळटीपेत ठेवा आणि भाषांतर तुमचं आहे असं लिहा. सरकारी संकेतस्थळांवरची पानं न सांगता हलतात, म्हणून उघडलेलं प्रत्येक पत्रक, प्रत्येक तक्ता त्याच दिवशी उतरवून, तारखेचं नाव देऊन दोन ठिकाणी ठेवा.